पदरावरचं कोलंबो

पायाला भिंगरी असलेल्या माणसाने विणकराच्या घरी जन्म घेऊ नये. मी घेतला. आमचा माग खड्ड्याचा. जमिनीत कंबरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा. दिवसभरात कापड हात-दोन हात पुढे सरकतं, आपण मात्र सकाळी जिथे बसलो तिथेच. मला वाटायचं, शेतातल्या बुजगावण्यालासुद्धा वाऱ्याने थोडं वळता येतं.

शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे. त्यामुळे रेल्वेचं फाटक ओलांडून मी लहानपणापासून दिवसातून चार वेळा परमुलखात जाऊन येत होतो. चहा प्यायला परमुलखात, केस कापायला परमुलखात. पण तेवढ्याने कुठे काय होतंय. उलट, इतक्या सोप्या रीतीने एक देश संपतो तर पुढचेही संपत असतील, अशी एक अस्वस्थता अंगात मुरली.

ही गोष्ट दुसरी लढाई लागायच्या आधीची. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. बेळगाव स्टेशनावर माझा एक दोस्त तिकिटं फाडायला होता. त्याच्या खिडकीशी उभं राहून मी लोक कुठे जातात ते ऐकत बसायचो. एक दिवस त्याने मला रेल्वेचं जुनं वेळापत्रक दिलं. त्याच्या मागच्या पानावर चित्र होतं: वाकलेला माड, मागे समुद्र, समुद्रात जहाज, आणि खाली अक्षरं, 'कोलंबो'.

मी म्हणालो, "हितं जायाचं."

तो म्हणाला, "हितं म्हंजे? लंकेत?"

"व्हय. रावणाला जमलं, मारुतीला जमलं, आपल्याला का न्हाय?"

"त्या दोघांनी तिकीट काढलं न्हवतं," तो म्हणाला. पण खुळ्याचा दोस्त खुळाच असतो. आठ दिवसांत त्याने चौदा दिवसांची रजा मंजूर करून आणली. सोमवारी सकाळच्या गाडीने निघायचं. तीन दिवस जायला, तीन यायला, मधले आठ दिवस कोलंबो. रजा साहेबाच्या सहीची, तिची तारीख पुढेमागे व्हायची नाही. हुकली की वर्षभर पुन्हा मागायची सोय नाही. हे त्याने मला तीनदा सांगितलं, कारण तो मला ओळखून होता.

घरी सांगायची पंचाईत. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, "मी लंकेत ट्रामगाडीत बसायला चाललोय" असं सांगायची माझी छाती नव्हती. पण ती गाडी रामेश्वरावरून जाते. मग मी सांगितलं, "आप्पा, रामेश्वराला जाऊन येतो."

आप्पांनी धोटा थांबवला. धोटा मधेच थांबवणं ही आप्पांच्या बाबतीत दुर्मिळ गोष्ट. उठले, देवघरात गेले आणि गंगेची एक छोटी सीलबंद लोटी घेऊन आले. त्यांच्या वडलांनी कोणाकडून तरी काशीहून आणवली होती. ती रामेश्वरावर नेऊन ओतायची, ही आमच्या घराची दोन पिढ्यांची राहून गेलेली इच्छा.

"लई बरं केलंस पोरा," आप्पा म्हणाले. "मला वाटलंतं तुझं ध्यान नुसतं उंडारण्यात."

लोटी हातात घेताना मला वाटलं आत पाणी नसून शिसं असावं. पण मी घेतली. त्या वयात खोटं बोलण्याचं वाईट वाटायचं, सोडवत मात्र नसे.

आप्पांची अट एकच होती. मागावर निपाणीची साडी होती, ती खाली उतरल्याशिवाय मी घर सोडायचं नाही. उभा ताणा चढलेला असताना घरातल्या विणकराने गाव सोडायचं नाही ही आमच्या गल्लीची रीत. आणि ही साडी साधी नव्हती. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने स्वतः येऊन ती सांगितली होती. नातीच्या लग्नात नातीने नेसायची. म्हातारीने बरोबर स्वतःच्या लग्नातल्या साडीचा पदर आणला होता. कसरीने खाल्लेला, घडीवर फाटलेला. "ह्योच पदर पायजे," ती म्हणाली. "ह्यात एक फूल इकडचं तिकडं न्हाय."

तो पदर बघून चौकटीच्या कागदावर उतरवायचं काम माझं. आमच्यात नक्षी अशीच ठेवतात. कागदावर बारीक चौकोन, एक चौकोन म्हणजे एवढे धागे, भरलेला चौकोन म्हणजे रंगीत रेशीम, रिकामा म्हणजे जमीन. कागद मागासमोर भिंतीला लावायचा आणि ओळीओळीने वाचत विणायचं. आप्पांना अक्षर येत नव्हतं. सही म्हणून ते अंगठा उठवायचे. पण चौकटीचा कागद ते असा वाचायचे की जसा एखादा शास्त्रीबुवा पोथी वाचतो. त्यांची एकच खंत होती: आमच्या घरातून नवी नक्षी निघाली नाही. आजोबांची चालायची, त्यांच्याही आधीची चालायची. माझा हात चित्राला बरा होता. दर दिवाळीला ते म्हणायचे, "एक तरी काढ रं." दर दिवाळीला मी म्हणायचो, "काढतो."

निपाणीचा पदर मी एका दुपारी कसाबसा उतरवून म्हातारीला परत धाडला, कारण बाकीच्या सगळ्या दुपारी मी कोलंबोत होतो.

कोलंबोची माहिती मिळवायला मी हिंडलग्याला जायचो. तिथे एक हवालदार पेन्शनीत आले होते. पहिल्या लढाईत जहाजाने जाताना त्यांनी कोलंबो पाहिलं होतं. अंगणात खाट टाकून, मिशीला पीळ देत ते सांगायचे.

"बंदरातनं भाईर पडलास की डाव्या अंगाला दीपमाळंसारखा उंच दिवा. जहाजांसाठी. त्येच्या म्होरं डाव्या अंगाला बाजार. हत्ती बगायचं आसंल तर त्येबी डाव्या अंगाला."

"समुद्राकाठी बसायची जागा?"

"डाव्या अंगाला."

"हवालदार, सगळंच डाव्या अंगाला?"

ते जरा विचारात पडले. "उजवीकडचं म्हाईत न्हाय. आमी डावीकडंच वळलो हुतो. चार तासांत जहाज सुटायचं हुतं."

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मी मात्र त्यांच्या चार तासांवर माझे आठ दिवस उभे केले.

आराखडा करायचा कशावर? अक्षरात लिहिला तर बायको वाचील. ती चौथी शिकलेली, आणि तिला वाचलेलं पोटात ठेवायची सवय नव्हती. म्हणून मी चौकटीचा कागद घेतला आणि एकही अक्षर घातलं नाही. एक आडवा पट्टा म्हणजे एक दिवस. एक चौकोन म्हणजे अर्धा तास. लाल म्हणजे पायी, हिरवा म्हणजे ट्राम, निळा म्हणजे समुद्राकाठी नुसतं बसणं, काळा म्हणजे जेवण. कुठल्या दिवशी काय ते कळावं म्हणून पट्ट्यात एकेक चित्र. पहिल्या दिवशी जहाज, दुसऱ्या दिवशी दिवा, तिसऱ्या दिवशी बाजारातली छत्री, पाचव्या दिवशी हत्ती, सहाव्या दिवशी देऊळ, शेवटचे दोन दिवस पुन्हा समुद्र. चौथ्या दिवशी काय ते ठरत नव्हतं. त्या पट्ट्यावर हवालदारांच्या अंगणात चहा सांडला आणि कोयरीसारखा डाग पडला. मी म्हटलं, असू दे, चौथ्या दिवशी विश्रांती.

आज मागे वळून बघताना माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटतं. ज्या माणसापासून लपवायचं त्याला उभ्या जगात एकच लिपी वाचता येत होती, आणि मी नेमकी तीच निवडली.

निघायला सहा दिवस उरले तेव्हा माझी अवस्था अशी झाली की घरात बसलो की उठावंसं वाटे, उठलो की चालावंसं वाटे, आणि चाललो की पाय आपोआप स्टेशनाकडे वळत. साडीचं अंग विणून झालं होतं. पदर तेवढा राहिला होता, तो आमच्यात शेवटी विणतात. पदराचं बारीक काम आप्पा कुणाला हात लावू देत नसत, त्यामुळे मला काम नव्हतं. बायको धोट्यासाठी कांड्यांवर रेशीम भरत होती. ती म्हणाली, "अवो, बसा की जरा. तुमच्याकडं बघून माझा धागा तुटतोय."

मग मी एक निमित्त काढलं. पदराच्या दशा मोकळ्या सोडायच्या की त्यांना गाठी मारायच्या, हे निपाणीकरांना विचारून येतो. दोन पैशांच्या कार्डावर होणारं काम. पण आप्पांना ते पटलं. "इचारून घेतलेलं बरं. ज्याची साडी त्येला इचारावं."

मंगळवारी सकाळी निपाणीची सर्विस मोटार सुटायच्या घाईत होती. मी कोट घालत असताना आप्पा खड्ड्यातून म्हणाले, "अरं, पदराचा कागद लावून जा की भिताडाला."

आमचे कागद बांबूच्या एका नळीत गुंडाळून ठेवलेले असत. त्यात मी दोन ठेवले होते. एक उपसला, भिंतीला चार खिळ्यांवर टाचला, दुसरा कोटाच्या खिशात कोंबला आणि धावलो. कागद उलगडताना माझे डोळे भिंतीकडे नव्हते, दारातून दिसणाऱ्या रस्त्याच्या वळणाकडे होते.

निपाणीला म्हातारीने माझा प्रश्न ऐकला आणि ती हसली. "एवढं इचारायला आलास व्हय रं? मोकळ्याच सोड." तिच्या डोळ्यांत पडदा आला होता, माणूस तिला सावलीसारखा दिसायचा. तिने मला जेवायला घातलं, मग आपला तो जुना पदर काढून मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपत सांगितलं, "हितं तीन फुलं. हितं येल वळतो. ह्यो माझ्या आईनं माझ्या अंगावर घातला आन दुसऱ्या म्हैन्यात ती गेली. मला तिचं तोंड आता आठवत न्हाय बग. पदर आठवतो. नात नेसली की मी असा हात फिरवून बगणार."

मी मान डोलवली. मला खरं तर उठायची घाई झाली होती. पण लग्नघर, आग्रह, बुधवारी म्हणे घरचीच मोटार सोडेल. ती सुटलीच नाही. गुरुवारी सर्विस मोटार मिळाली, आणि संकेश्वरला तिचं चाक निखळलं.

संकेश्वरात उसाच्या गाड्या बघत एका झाडाखाली बसलो. वेळ जाईना. म्हटलं, सहाव्या दिवसाचं देऊळ दुसऱ्या दिवशी घेतलं तर? खिशातला कागद काढला, गुडघ्यावर उलगडला.

तीन फुलं. वळणारी वेल.

मी कागद फिरवून मागून पाहिला, जणू कोलंबो पाठीमागे असेल. मग लक्षात आलं, की भिंतीवर आमची सहल टांगली आहे आणि तिच्यासमोर, फक्त चौकोन वाचता येणारा एक माणूस रेशीम घेऊन बसला आहे.

त्या रात्री संकेश्वरच्या धर्मशाळेत मी स्वतःशी वाद घालत होतो. आप्पांनी जुना पदर डोळ्यांनी पाहिलाय. ते ओळखतील. हत्ती बघून थांबतील. त्यांना नक्षी कळते. त्यांना नक्षी कळते म्हणूनच ते थांबतील. असं शंभरदा म्हटलं. चाक शुक्रवारी दुपारी बसलं. बेळगावच्या अड्ड्यावरून मी घरापर्यंत धावत गेलो. माझ्या आयुष्यातला तो एकच प्रवास, जो लवकर संपावा असं मला वाटलं.

दारात शेजारचे चार-पाच विणकर उभे. आत आप्पा. मला बघताच त्यांचा चेहरा असा फुलला की तसा तो माझ्या लग्नातही फुलला नव्हता.

"आलास व्हय? ये, ये. बघ तुझा पदर. निम्म्याच्या वर गेला."

मी वाकून बघितलं. मोरपंखी जमिनीवर जहाज निघालं होतं. त्याच्यावर दिवा. त्याच्यावर छत्री. रांगेने लाल चौकोन, हिरवे चौकोन, आणि ठरलेल्या अंतरावर काळे, म्हणजे आमची जेवणं, एकही चुकलं नव्हतं. आणि चौथ्या पट्ट्यात, मधोमध नाही, जरा डावीकडे, चहाच्या रंगाची एक कोयरी.

"ह्या रंगाचं रेशीम घरात न्हवतं," आप्पा म्हणाले. "वडगावातनं आणलं. नेमका रंग मिळाला का न्हाय बघ."

नेमका मिळाला होता. हवालदारांच्या चहात दूध कमी असायचं.

"पयल्यांदा मला वाटलं, कागद चुकला," आप्पा पुढे म्हणाले. "मग म्हटलं, पोरगा मुद्दाम निपाणीला कशाला गेलता? नव्या पदराचं इचारायलाच न्हवं? त्ये व्हय म्हणणार ह्याची खातरी असंल म्हणूनच टाचून गेला. अरं, काढलास शेवटी! आणि लाजंनं सांगितलंबी न्हाईस."

शेजारचा एकजण म्हणाला, "हत्ती लई झ्याक आलाय. पर त्येच्या पायाखाली ती काळी भोकं कसली रं?"

"ती सावली," आप्पांनीच उत्तर दिलं.

माझी बायको मागे कांड्यांजवळ बसली होती. ती हत्तीकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं होतं.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सगळंच सांगायला बसलोय. मी गप्प बसलो. लोक गेले, आप्पांनी पुन्हा धोटा उचलला, आणि मी ओट्यावर बसून हिशेब मांडला. शनिवार-रविवारात उरलेला पदर होईल. सोमवारी गाडी. साडी निपाणीला जाईल तेव्हा मी हत्तीवर बसलेला असेन. म्हातारीला दिसत तर नाही. इथपर्यंत आलो आणि तिची बोटं आठवली. तीन फुलं. वेल वळतो. तिला दिसत नव्हतं, खरं. पण ती डोळ्यांनी कुठे बघणार होती, हात फिरवूनच बघणार होती.

सगळं उसवायचं, तर चार दिवस. पुन्हा विणायचा, तर रात्री कंदील लावून आणखी चार. लग्नाला अकरा होते. जमत होतं. फक्त माझी सोमवारची गाडी त्यात बसत नव्हती.

मी आत गेलो. "आप्पा, थांबा जरा. कागद चुकला. निपाणीचा ह्यो." खिशातला कागद मी पुढे केला.

आप्पांनी तो घेतला, भिंतीवरचा बघितला, पुन्हा हातातला बघितला. धोटा मांडीवर ठेवला.

"म्हंजे त्यांनी हा सांगितला न्हाय."

"न्हाय."

त्यांनी हातातल्या कागदाची चुरगळलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "बरं. मी आन सूनबाई उसवतो. तू रामेश्वर चुकवू नकोस. लोटी घेऊन सोमवारी जा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून सगळं ओकलो. रामेश्वर हे वाटेवरचं स्टेशन आहे. जायचंय कोलंबोला. आणि भिंतीवर आहे ती नक्षी नाही. कुठल्या दिवशी कुठं जायचं आणि कधी जेवायचं, ते आहे.

मागून फस्सकन आवाज आला. बायकोने तोंडात पदर कोंबला होता. "म्हंजे हत्तीच्या पायाखाली..."

"जेवण," मी म्हणालो.

ती हसून हसून कांड्यांवर आडवी झाली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी कोयरीवर बोट ठेवलं. "आन ह्ये?"

"च्या सांडलाता."

आप्पांनी ते बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं. "त्येवढं एक चांगलं जमलंतं," ते म्हणाले, आणि खड्ड्यातून बाहेर आले.

शनिवारी सकाळी मी स्टेशनावर जाऊन दोस्ताला सांगितलं, तू एकटाच जा. तो चिडला नाही, त्याने फक्त "मला म्हाईत हुतं" एवढंच म्हटलं, जे चिडण्यापेक्षा वाईट. लोटी घेऊन जायला मात्र तो तयार झाला.

रेशीम उसवायला दोघं लागतात. एकाने सुईने बाण्याचा आडवा धागा उचलायचा, दुसऱ्याने तो न ताणता हलक्या हाताने गुंडाळायचा. घाई केली की उभा धागा तुटतो. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला जगात जी शिक्षा नेमून द्यावी ती हीच. सुई माझ्याकडे, गुंडाळी बायकोकडे. आणि शेवटचं विणलेलं पहिल्यांदा निघतं, म्हणून आम्ही सहाव्या दिवसापासून उलटे निघालो.

"ह्ये काय?" बायको प्रत्येक चित्राशी विचारायची.

"देऊळ. ट्रामनं जायचं, पाऊण तास."

"बसायला जागा मिळती का?"

"हवालदारांनी सांगितलं न्हाय."

"मग उभ्यानंच जाऊ," ती म्हणायची आणि धागा गुंडाळायची. हत्तीपाशी आम्ही रविवारी पोचलो. तिने त्याला केळं द्यायचं ठरवलं. काळ्या चौकोनांशी ती विचारायची, "हितं काय खायाचं?" मी सांगायचो, "नारळ घातलेला भात." मला काय माहीत, मी ठोकून द्यायचो. ती म्हणायची, "रोज भातच? चार दिवसांनी माझं पोट बिघडंल."

आप्पा पलीकडे भिंतीला टेकून बसलेले असत. ऐकत नाही असं दाखवत. पण मी एकदा बाजार सांगायचा विसरलो तर तिकडून आवाज आला, "छत्रीचं ऱ्हायलं रं."

सोमवारी सकाळी माझी सुई चहाच्या डागात होती. बेळगावच्या गाडीची शिटी शहापुरात स्वच्छ ऐकू येते. माझा हात थांबला. पाय खड्ड्यात होते, ते पावडीवर असे दाबले गेले की अख्खा माग करकरला.

बायको म्हणाली, "धागा ताणू नका. आज विश्रांतीचा दिवस हाय न्हवं?"

मंगळवारी संध्याकाळी आम्ही जहाजात चढलो आणि जहाजही उसवलं. मग आप्पा बसले आणि चार दिवसांत निपाणीचा पदर विणून काढला. तीन फुलं, वळणारी वेल, एक फूल इकडचं तिकडं नाही. साडी कापून घेतल्यावर ताण्याचं हातभर टोक मागावर उरतं, ते कुणाच्या कामाचं नसतं. आप्पांनी त्या टोकावर कुणाला न सांगता चहाची कोयरी विणली. एकच. जरा डावीकडे. तो तुकडा पुढे त्यांच्या पान-तंबाखूच्या चंचीला लागला.

दोस्त चौदाव्या दिवशी परत आला, तो रोडावून. लोटी त्याने रामेश्वरावर ओतली होती आणि तिच्यात तिथली वाळू भरून आणली होती. ती आप्पांनी देवघरात ठेवली. कोलंबोचं विचारलं, तर म्हणाला, "समुद्राच्या अलीकडं छावणी हाय. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला रोगराई न्हाय ना, बघायला तिथं अडकवून ठेवत्यात. सहा दिवस ठेवलं. तुझ्या कागदात त्या सहा दिवसांचा रंग कुठला हुता?"

"मग कोलंबो?"

"दोन दिवस. दोन्ही दिवस पाऊस. मी उजवीकडं वळलो, तर सगळं तिकडंच हुतं."

पण हे नंतरचं. त्याआधी साडी घेऊन निपाणीला मला जावं लागलं. म्हातारी ओसरीवर बसली होती. घडी उलगडून पदर तिच्या मांडीवर पसरला. तिने बोटं फिरवायला सुरुवात केली. तीन फुलं. तिथून वेल. तिचं तोंड हळूहळू सैल होत गेलं. आणि मग बोट एका जागी थांबलं, मागे आलं, पुन्हा त्याच जागेवरून फिरलं.

"हितलं सूत दमल्यागत लागतंय," ती म्हणाली. "हितं आदी काय तरी हुतं, ते काढलंय."

मी म्हणालो, "व्हय आज्जी."

"काय हुतं?"

"जहाज."

तिने पदर मांडीवरून उचलला. मला वाटलं, साडी परत देणार. पण तिने विचारलं, "कुठं चाललंतं?"

"लंकेत."

"आन मग?"

"मग तुमची फुलं घालायची हुती," मी म्हणालो.

म्हातारी मोठ्याने हसली. पदराची घडी घालून तिने ती छातीशी धरली आणि आतल्या बायकांना हाक मारून सांगितलं, ह्याला पोटभर वाढा, हा लांबनं आलाय.

जेवून उठलो तर रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. झालं, माझ्या अंगात आलं. चपला अर्धवट पायात घालून मी पळालो, चालत्या मोटारीत उडी मारली आणि मागच्या बाकावर जागा धरली. वारा तोंडावर आला. बरं वाटलं. बऱ्याच वेळाने शेजारच्या माणसाला विचारलं, "संकेश्वर किती लांब हाय?"

तो म्हणाला, "पावणं, ही कोल्हापूरला चाललीया. कागल आलं बगा."

ड्रायव्हरने मोटार थांबवली. मागे वळून म्हणाला, "उतरा, हितनं माघारी मोटार मिळंल."

मी उतरलो नाही.